फ्रीजमधला हिवाळा

आमच्या नागपूरमधल्या लक्ष्मीनगरच्या घरातल्या फ्रीजमध्ये, सर्वांत खालच्या कप्प्यात भाजीच्या ट्रेमागे, दोन वर्षे एक प्लास्टिकचा डबा होता. त्याच्या झाकणावर मी कागदाची पट्टी चिकटवून 'खायचे नाही' असे लिहिले होते, कारण पहिल्याच आठवड्यात ह्यांनी त्यातला ओलसर तपकिरी भुसा पाहून गूळ बिघडला असे समजून तो डबा मोरीत रिकामा करायला नेला होता. त्या भुशात मेपलच्या चाळीस बिया होत्या. मेमध्ये रात्रीसुद्धा गच्चीच्या फरशीवर पाय ठेवता येत नाही अशा गावात मेपल वाढवायला निघालेल्या बाईविषयी लोकांनी जे म्हणायचे ते म्हणून झाले आहे, त्यामुळे त्याचा बचाव मी करत नाही. मात्र त्या दोन वर्षांत मला झाडांच्या झोपेविषयी जे कळले, ते तीस वर्षे ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवूनही कळले नव्हते, हे कबूल करायला हवे.

बिया मिळाल्या त्या नैनितालजवळच्या एका रस्त्याच्या कडेला. ऑक्टोबरचे दिवस होते, पाने पिवळी पडत होती, आणि गाडी थांबवून चहा प्यायला उतरलो तेव्हा टपरीच्या पत्र्यावर काहीतरी गरगरत येऊन पडले. उचलून पाहिले तर पुस्तकात शंभर वेळा काढलेली आकृती प्रत्यक्ष हातात होती: देठाशी जोडलेली दोन फळे, प्रत्येकाला एकेक पातळ शिराळ पंख. वर पाहिले तेव्हा पाच टोकांची पाने समोरासमोर जोडीने लागलेली दिसली. मेपल म्हटले की आपल्याला कॅनडाचा झेंडा आठवतो (त्यावरचे अकरा टोकांचे लाल पान १५ फेब्रुवारी १९६५ रोजी प्रथम अधिकृतपणे फडकले), पण हिमालयातही मेपलच्या अनेक जाती आहेत आणि त्यांच्या खोडावरच्या गाठींपासून कातून काढलेले पेले तिबेटी लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. एक जात तर अशी की तिच्या पानाला टोकेच नसतात. आंब्याच्या पानासारखे सरळ लांबट पान, आणि फळ मात्र पंखांच्या जोडीचे. काश्मीरहून परतलेली आपली मंडळी ज्याचे वाळलेले पान वहीत घालून आणतात आणि मेपल म्हणून दाखवतात, ते बहुधा चिनारचे असते. चिनारची पाने फांदीवर एकाआड एक येतात आणि त्याची फळे गोंड्यासारखी गोल लोंबतात. पंखांची जोडी आणि पानांची जोडी दिसल्याशिवाय कोणत्याही झाडाला मेपल म्हणू नये, हा शिक्षिकेचा हट्ट मी निवृत्तीनंतरही सोडलेला नाही.

रुमालात गाठ मारून ती फळे घरी आली. त्याआधी एकदा मी ऑनलाइन मागवलेल्या 'निळ्या मेपल'च्या पाकिटाला फसले होते. वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईने निळ्या पानांच्या झाडावर विश्वास ठेवावा, ही गोष्ट घरात अजून चवीने सांगितली जाते. त्या पाकिटातून जे उगवले ते गवतवर्गीय होते. त्यामुळे या वेळी झाड मी डोळ्यांनी पाहिले होते, याचे समाधान मोठे होते.

घरी आल्यावर पहिले काम केले ते शास्त्रीय मुळीच नव्हते. नातीला घेऊन गच्चीवर गेले आणि एक फळ खाली सोडले. सोडल्यावर पहिल्या हातभर अंतरात ते नुसतेच पडते, मग अचानक त्याला गिरकी सापडते आणि ते जणू हवेला टेकून उतरू लागते. फिरणाऱ्या पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक छोटा भोवरा तयार होतो आणि तो पंखाला वर उचलून धरतो, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवले गेले. कीटक आणि वटवाघळे उडताना हीच युक्ती वापरतात. नातीने विचारले, आपल्याकडे अशी बी नाही का? आहे की. आमच्याच रस्त्यावरच्या वावळाच्या गोल कागदी चकत्या एप्रिलच्या वाऱ्यात दारापर्यंत येतात आणि आम्ही लहानपणी त्यांतले दाणे सोलून खात असू. महारुखाच्या बीला मधोमध दाणा आणि दोन्हीकडे पंख असतो, तीही गिरक्या घेत उतरते. पण ही दोन्ही झाडे आपले बी उन्हाळ्यात उधळतात आणि पाठोपाठ पाऊस येतो. मेपलचे हे बी झाडावरून सुटते हिवाळ्याच्या तोंडावर, आणि पुढचा सगळा पेच तिथूनच सुरू होतो.

ऑक्टोबरात पडलेली बी जर लगेच रुजली, तर तिचा कोवळा कोंब पुढच्या दोन महिन्यांत बर्फाखाली मरेल. म्हणून तिच्या आत अ‍ॅब्सिसिक आम्लासारखी द्रव्ये अंकुरणाला अडवून धरतात, आणि ओल्या थंडीत काही आठवडे काढल्यावर हळूहळू त्यांचा जोर ओसरतो. इथे नुसती थंडी चालत नाही आणि नुसती ओलही चालत नाही. दोन्ही एकत्र आणि सलग हवीत. सगळ्याच मेपलना हे लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. उत्तर अमेरिकेतल्या रुपेरी मेपलचे बी वसंताच्या अखेरीस पिकते आणि पडल्या पडल्या रुजते. ते वाळवून ठेवले तर मरूनच जाते. उलट ज्याच्या रसापासून पाक करतात त्या साखर-मेपलचे बी शून्याच्या जेमतेम वर, एखाद्या अंशालाच सर्वांत चांगले रुजते, म्हणजे वरचे बर्फ पुरते वितळण्याआधीच खाली त्याचे मूळ जमिनीत उतरलेले असते. जो काळ आपण झाडांच्या मरणाचा समजतो, त्यालाच ही बी आपली वेळ मानते, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते.

नागपूरला थंडी पडतच नाही असे नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि आम्ही शेगडीभोवती बसलो होतो. पण ती एका रात्रीची गोष्ट. बीला हवी असते सलग तीन महिन्यांची थंडी, आणि ती या गावात फक्त एकाच ठिकाणी मिळते. म्हणून मी पंख कापून टाकले, काही फळे उभी चिरून पाहिली (मेपलची पुष्कळ फळे बाहेरून टपोरी आणि आत पोकळ निघतात, त्यामुळे हिरवट गर्भ दिसल्याशिवाय भरवसा धरू नये), उरलेल्यांतल्या निम्म्या दिवसभर पाण्यात भिजवल्या आणि मुठीत दाबले तर थेंब गळणार नाही इतक्या ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, घालून डबा खाली ठेवला. बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे नाही; तिथे भिजलेली बी गोठून फुटते. दर पंधरा दिवसांनी डबा उघडायचा, बुरशी दिसली तर ती बी काढून बाकीच्या धुऊन परत ठेवायच्या. तुळशीचे लग्न, नाताळ आणि संक्रांत त्या डब्याने फ्रीजमध्ये काढली. आमच्याकडे पाहुणे आले की फ्रीज इतका भरतो की दार लावायला गुडघा लागतो, पण त्या डब्याची जागा कोणी घेतली नाही, हे ह्यांच्या चांगुलपणाचे श्रेय.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डबा उघडला तर सात बियांच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढे पांढरे मूळ आले होते, तेही फ्रीजच्या अंधारातच. मी त्या कुंडीत लावल्या. जिभेसारखी लांबट दोन बीजपत्रे आली, मग त्यांच्यामधून दातेरी कडांची पहिली खरी पाने. महिनाभर मी भेटेल त्याला ती पाने दाखवत सुटले. मार्चच्या अखेरीस त्यांच्या कडा तपकिरी झाल्या, एप्रिलमध्ये ती वरपासून खाली वाळत गेली, आणि महावीर जयंतीच्या सुमारास सातवे रोप गेले. आमचे माळीबुवा रोज कुंडीकडे पाहून मान हलवत. शेवटी म्हणाले, "बाई, पोराले जन्मल्या जन्मल्या भट्टीपाशी निजवून राहिल्या तुम्ही." त्यांचे बरोबर होते. फ्रीजने बीला सांगितले की हिवाळा संपला, आता वसंत आहे. बाहेर वसंत कुठे होता? नागपूरला थंडी संपली की थेट ऊन सुरू होते. मधला जो महिना-दीड महिना उरतो, तो मेपलच्या हिशेबाने भर उन्हाळाच असतो.

याचा उलगडा झाला तो काटोलला, माझ्या मामेभावाच्या संत्र्याच्या बागेत. गप्पांत मी माझ्या बियांची रडकथा सांगत होते आणि तो डिसेंबरात बागेचे पाणी का तोडले आहे ते सांगत होता. संत्र्याचे झाड सतत पाणी मिळत राहिले तर नुसते पाने काढत राहते. फुलावर येण्याआधी त्याला थांबवावे लागते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणी बंद करून झाडाला ताण देतात, पाने थोडी मलूल होऊ देतात, मग खत-पाणी देतात आणि आंबिया बहार फुटतो. मृगाचा हवा असेल तर हाच ताण मे महिन्यात देतात. किती दिवसांचा द्यायचा हे जमिनीवर ठरते. भारी काळ्या जमिनीत ओल लवकर सुटत नाही, म्हणून तिथे ताण लांबतो. भाऊ म्हणाला, "ताण देल्ल्याबिगर बार फुटतच नाही, ताई. झाडाले बी इसावा लागते." मी हे लहानपणापासून ऐकत आले होते, पण फ्रीजमधला डबा मनात घेऊन कधी ऐकले नव्हते. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे लिंबूवर्गातली झाडे थंडीनेच थांबतात. आपल्याकडे ती थांबवायला शेतकऱ्याने तहानेचा उपाय शोधला. आमच्या पानगळीच्या जंगलातले साग, पळस, मोह, तेंदू हीही तहानेनेच पाने टाकतात. म्हणजे विसावा सगळ्यांना लागतो, फक्त त्याची खूण निराळी. इकडच्या झाडाला ती कोरड्या मातीतून कळते, तिकडच्या झाडाला थंड रात्रीतून. माझ्या कुंडीतल्या मेपलला मी कितीही ताण दिला असता, तरी त्याला ती भाषा कळली नसती. ते नुसते वाळले असते.

त्या बागेतून मी दोन गोष्टी घेऊन परतले. एक म्हणजे हिवाळा आपणच बनवतो आहोत, तर तो केव्हा बनवायचा हेही आपल्याच हातात आहे. उरलेल्या निम्म्या बिया मी कागदाच्या पाकिटात कोरड्या ठेवल्या होत्या. त्यांतल्या थोड्या मागे ठेवून बाकीच्या एप्रिलच्या सुरुवातीला भिजवून डब्यात घातल्या. बाहेर ४४ अंश, कुलरची घरघर, आणि भाजीच्या ट्रेमागे नैनितालचा जानेवारी. जुलैत पाऊस लागला, हवा खाली आली, तेव्हा डबा बाहेर काढला. या खेपेला पाच रुजल्या, आणि त्यांच्यापुढे पाऊस व थंडी मिळून सात-आठ महिन्यांचा सुसह्य काळ होता. दुसरी गोष्ट मातीची. सप्टेंबरात रोपांची पाने पिवळी पडू लागली, पण शिरा हिरव्याच. फोटो पाठवताच भावाचे उत्तर आले की हे तर आमच्या संत्र्याला होते, लोह मिळत नाही. आमच्या भागातल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह असते, पण ते मुळांना घेता येत नाही; आणि मेपलला तर थोडी आम्लधर्मी माती आवडते. मी कुंडीतली काळी माती काढून पानांचे खत, वाळू आणि कोकोपीट भरले, बोअरचे जड पाणी बंद करून साठवलेले पावसाचे पाणी घालू लागले. नवी पाने हिरवी आली. डिसेंबरपर्यंत त्यांतली तीन रोपे वीतभर उंच झाली होती.

आता ती लाल होतील, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. खरे सांगायचे तर माझीही होती. झाली नाहीत. पानातले हिरवे द्रव्य मोडू लागले की आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र पानाला त्या वेळी नव्याने तयार करावा लागतो, आणि त्यासाठी उजळ दिवस व त्यामागोमाग गार रात्री, असे बरेच दिवस लागतात. आमची पाने कडेने करपली, मळकट पिवळी झाली आणि देठाला चिकटून राहिली. टोकाशी तपकिरी कळ्या घट्ट मिटलेल्या होत्या. आणि इथे मला दुसरा धक्का बसला, जो खरे तर मला आधीच दिसायला हवा होता. बीला एक हिवाळा दिला की तिचे काम भागते, पण झाडाला तो दरवर्षी हवा असतो. मिटलेल्या कळ्यासुद्धा पुरेशी थंडी मोजल्याशिवाय नीट उघडत नाहीत. उशिरा उघडतात, इथे एक तिथे एक, आणि तेवढ्यात उन्हाळा गाठतो. बी फसली होती. झाड दर जानेवारीत पुन्हा तोच प्रश्न विचारणार होते.

त्या जानेवारीत मी काय केले हे सांगायला मला अजून संकोच वाटतो. तीनही रोपे एका कुंडीत काढली, उरलेली पाने खुडली, फ्रीजमधली एक जाळी उचलून ठेवली आणि ती कुंडी आत ठेवून दिली. पान नसलेल्या झोपलेल्या रोपाला उजेड लागत नाही, माती नुसती ओलसर राहिली की पुरते. आठ आठवडे आमचे दूध दारातल्या कप्प्यात आडवे राहिले. सुनेने मैत्रिणींना फोटो पाठवले. शेजारच्या काकू वाटी घेऊन विरजण मागायला आल्या, मी फ्रीज उघडला, त्यांनी कुंडी पाहिली, आणि विरजण न घेताच मला विचारले, "तब्येत बरी आहे ना?"

मार्चमध्ये कुंडी उत्तरेच्या व्हरांड्यात आणली आणि बारा दिवसांनी तीनही रोपांच्या कळ्या एकदमच उघडल्या. पंख्यासारख्या घडीतून बाहेर येणारी, किंचित तांबूस, ओली पाने होती ती. या वेळी त्यांना पाच टोके स्पष्ट दिसत होती. एवढी एक गोष्ट पाहण्यासाठी दोन वर्षे गेली असतील, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग ऊन आले. मी त्यांना कुलरच्या वाटेत ठेवले, वाळ्याच्या ताटीतून येणारी ओली हवा थेट पानांवर येईल अशी. दुहेरी हिरवी जाळी बांधली, कुंडी दुसऱ्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरली, कारण उन्हाने आधी शिजतात ती मुळे. दिवसाचे मी निभावले, रात्रीचे मला निभावता आले नाही. मेमध्ये आमच्याकडे रात्रीही पारा तिशीच्या आसपास रेंगाळतो, आणि अशा रात्री रोप दिवसभरात जमवलेली साखर नुसत्या श्वसनात जाळून टाकते. त्याची कमाई होते पण शिल्लक पडत नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला. २३ मे २०१३ ला या गावाने ४७.९ अंश पाहिले आहेत, त्या मानाने ते साल काही विशेष नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली ती साडेचार तासांनी आली. संध्याकाळी पाने हिरवीच होती, पण हाताला कागदासारखी लागली. आठवड्याभराने नखाने साल खरवडली तर खाली हिरवे नव्हते. तिन्ही रोपांना नव्हते.

मी त्या उन्हाळ्यात फारशी कोणाशी बोलले नाही. उगाच मोठे दुःख करून सांगण्यासारखे काही नव्हते, आणि ते हसण्यावारी नेण्याइतके लहानही नव्हते.

पुढच्या मार्चमध्ये पेंचकडे जाताना रस्त्याच्या वळणावर नातीने ओरडून गाडी थांबवायला लावली. नाल्याच्या काठी एक मोठे झाड पायापासून शेंड्यापर्यंत लाल होते, आणि ती लाली फुलांची नसून पानांची होती. "आजी, मेपल!" झाड होते कुसुम, ज्याला कुणी कोशिंब म्हणतात, ज्यावर कुसुमी लाख घेतात आणि ज्याच्या बियांचे तेल काढतात तेच. लाल होती ती त्याची गळायला आलेली पाने नव्हती, नुकतीच फुटलेली कोवळी पाने होती. मेपल निरोपाच्या वेळी जो रंग काढतो, तो कुसुम येतानाच घेऊन येतो, आणि रंगद्रव्य दोघांचे एकाच जातीचे, अँथोसायनिन. नातीला चूक सांगायला मी तोंड उघडले आणि थांबले. मेपलचे पूर्वी पुष्कळजण एक निराळे कुळ मानत; आता त्याला सॅपिंडेसी कुळात धरतात, म्हणजे रिठ्याच्या, लिचीच्या आणि कुसुमाच्या कुळात. मुलीने रंगावरून ओळखले होते आणि नाते निघाले खरेच.

त्या जूनमध्ये त्याच बाजूच्या एका गावातून कुसुमाची फळे आणली, मुलांनी आंबट गर चोखून संपवला आणि बिया मी धुऊन त्याच मोठ्या मातीच्या कुंडीत टोचल्या. त्यांना ना भिजवले, ना थंडी दिली. पाऊस लागल्यावर काही दिवसांतच चार कोंब वर आले. माळीबुवा वाकून पाहत म्हणाले, "हे त इथलंच झाड हाय. याले कुलर नाही लागत." मी मान डोलावली आणि कुंडी व्हरांड्यातून बाहेर पावसात सरकवली.

'खायचे नाही'ची पट्टी काढून ह्यांनी तो डबा धुऊन घेतला आहे आणि त्यात आता निवडलेली कोथिंबीर असते. कागदाचे पाकीट मात्र भाजीच्या ट्रेखाली तसेच आहे. त्यात नऊ बिया आहेत, पंखांसकट. संत्री ठेवताना ते ह्यांच्या हाताला लागते, ते ते उचलून बाजूला करतात आणि संत्री ठेवून झाल्यावर पुन्हा होते तिथे ठेवून देतात.